सुलभाचं शंभर माणसांचं गाव

सुलभा,

आज सकाळपासून तिसऱ्यांदा लाइट गेली आणि तिसऱ्यांदा कंप्युटरमधलं आपलं गाव अर्ध्यावर बंद पडलं. आता लाइट आली की पुन्हा पहिल्या पिढीपासून सुरू. कॉलेजच्या कंप्युटर लॅबमध्ये मी एकटीच आहे. नारपोलीकडचे कापडाचे लूमही थांबलेत. ती खटखट थांबली की भिवंडीत कानाला काहीतरी चुकल्यासारखं होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "चल गं, तेवढ्यात चहा मारून येऊ." मी उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. तू गेल्यापासून, तीन आठवडे, हेच चाललंय. एका जागी जीव ठरत नाही.

वार्षिकांकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं प्राचार्यांनी सांगितलं. जन्म, शिक्षण, सेवा, स्वभाव मनमिळाऊ. दिली लिहून. वाचून पाहिली तर त्यात तू कुठेच नव्हतीस. मनमिळाऊ तर तू अजिबातच नव्हतीस. म्हणून हे वेगळं लिहितेय. हे कुठे द्यायचं ते ठरलेलं नाही.

आपली सुरुवात मी कधी उघड बोलून दाखवली नाही. दोघी नवीन लागलो होतो, तू मराठीला, मी संख्याशास्त्राला. परीक्षेच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की मराठीचे तास वेळेवर होत नाहीत, आणि तू ताडकन उभी राहिलीस. "असं न्हाय!" एरवी तुझं मराठी इतकं घोटीव की तू गणेशपुरीकडच्या शेतकऱ्याच्या घरातली आहेस हे निम्म्या स्टाफला माहीतही नव्हतं. सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले. आमचं घर तीन पिढ्यांचं भिवंडीतलं, आजोबा कचेरीत कारकून. ‘हाय’ आणि ‘न्हाय’ म्हणणाऱ्याला हसायचं असतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू लॅबमध्ये आलीस. मला वाटलं, भांडायला आलीस. तू खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "नीता, तू आकडेवाली ना? मग सांग, हा शब्द अजून किती टिकेल?"

"कुठला शब्द?"

"ज्याला काल तू हसलीस तो."

मला जागच्या जागी मेल्यासारखं झालं. पण तू त्यावर थांबलीच नाहीस. पुण्याच्या एका शिबिरात तू ऐकून आली होतीस, की जगात काही लोक कंप्युटरमध्ये खोटी माणसं तयार करतात, त्यांना एकमेकांशी बोलायला लावतात आणि भाषा कशी बदलत जाते ते बघतात. खऱ्या माणसांच्या दहा पिढ्या बघायला कुणाचं आयुष्य पुरणार? कंप्युटरमध्ये त्या एका दुपारी होतात. "मला असं गाव करून दे," तू म्हणालीस. माफी मागायची माझी वेळ तिथेच निघून गेली. मग माफी गाव करून देऊनच मागायची, असं मी ठरवलं.

शंभर माणसं. साठ शहरात, चाळीस गावात. प्रत्येकाकडे दोन शब्द, ‘नाही’ आणि ‘न्हाय’. कुठला किती वेळा तोंडात येतो, त्याचा एक आकडा. दोन माणसं भेटली की एक बोलतो, दुसरा ऐकतो, आणि ऐकणाऱ्याचा आकडा किंचित बोलणाऱ्याकडे सरकतो. मधून मधून एक म्हातारं माणूस जातं, त्याच्या जागी एक मूल येतं आणि आजूबाजूच्यांकडून शिकतं. एवढंच. मला ते फार देखणं वाटलं होतं. तुला नाही.

"ह्या सदतीस नंबरला रोज कोण भेटतं?" तू विचारलंस.

"कुणीही. चिठ्ठी टाकल्यासारखं."

"असं कुठे असतं? माणूस कुणालाही भेटतो का? आणि भेटला तरी सगळ्यांशी सारखंच बोलतो?"

"सगळं खरं घातलं तर ते गावच होईल, सुलभा. मग कंप्युटर कशाला? साधं ठेवलं तरच कशामुळे काय होतं ते कळतं."

हा आपला पहिला वाद, आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. शनिवारी दुपारी लॅब रिकामी झाली की आपण बसायचो. मी प्रोग्राममधलं काहीतरी बदलायचे, तू मागे उभी राहून बोट दाखवत राहायचीस. लाइट टिकली तर निकाल लागायचा.

एका शनिवारी मी शाळा घातली. म्हणजे शहरी शब्दाला अगदी बारीकसं झुकतं माप दिलं, इतकं बारीक की एका पिढीत कुणाच्या लक्षातही येऊ नये. कुणी कुणाला हसत नव्हतं, रागावत नव्हतं, छडी मारत नव्हतं. तरी पडद्यावरची ‘न्हाय’ची रेघ हळूहळू खाली गेली आणि तळाला टेकली. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. तू त्या तळाच्या रेघेवर बोट ठेवलंस.

"म्हणजे कुणी मारत नाही आणि तरी बोली मरते?"

"हो."

"मग भांडायचं कोणाशी?"

त्या दिवशी चहाच्या गाड्यावर तू पहिल्यांदा तुझ्या आईबद्दल बोललीस. तू नववीत असताना ती शाळेत तुला डबा द्यायला आली, वर्गाच्या दारातून तिने तुला हाक मारली, आणि ती तिच्या पद्धतीने बोलली म्हणून तू तिला ओळखच दाखवली नाहीस. ती डबा दारात ठेवून गेली. पुढे ती वारली तोपर्यंत त्यावर तुम्ही दोघी एक शब्द बोलला नाहीत. हे तू सांगितलंस आणि लगेच म्हणालीस, "चल, साडेतीनचा तास आहे माझा."

मग मुंबईतल्या एका कॉलेजात परिसंवाद ठरला आणि आपल्या या गावावरचा तुझा निबंध स्वीकारला गेला. तू पंधरा दिवस जमिनीवर नव्हतीस. आणि आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच मी इतकी उठबस करतेय.

शुक्रवारी परिसंवाद होता. मंगळवारी मी तुझ्यासाठी आलेख छापायला बसले होते. प्रिंटर करकरत होता तेवढ्यात सहज प्रोग्रामवरून नजर फिरवली आणि मला चूक दिसली. गावातल्या मुलाने गावातल्या शेजाऱ्यांकडून शिकायचं होतं. मी यादीतले क्रमांक मोजताना घोळ केला होता, आणि गावातलं प्रत्येक मूल शहरातल्या माणसांकडून शिकत होतं. आईबाप गावात आणि पोर पाळण्यापासून शहरात. अशा गावातली बोली मरणारच, त्यात नवल काय? आपला सगळा निकाल त्या एका ओळीवर उभा होता.

मी तुला फोन केला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी तू साडी कुठली नेसू विचारायला आलीस तेव्हाही नाही. तुझा एवढा आनंद मोडवेना, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण तसं चांगलं नव्हतं. मी ज्याला हसले होते त्या शब्दाचं गणित मी तुला करून देत होते, आणि ते गणितही मी चुकले, हे मला तुझ्यासमोर कबूल करायचं नव्हतं.

शुक्रवारी तुझे वडील, माझे काका, पहिल्या रांगेत बसले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, गुडघ्यांवर दोन्ही हात. तू व्यासपीठावरून म्हणालीस, "आमचं कंप्युटरमधलं गाव सांगतं की चौथ्या-पाचव्या पिढीत माझ्या आईची बोली संपेल." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

परतताना एसटीत काका ठाण्यापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "पाचवी पिडी म्हंजे कोन गो? तुजी पोर, तिची पोर, अशी मोजायची का?"

"हो बाबा."

"मंग ती आपल्यात येऊन बसली तर आपला बोलना तिला समजाचा न्हाय."

मी तुम्हा दोघांच्या मागच्या सीटवर होते.

दहा दिवसांनी मी तुला चूक सांगितली. "काल सापडली," म्हणाले. तू सगळं नीट समजून घेतलंस, कागदावर लिहून घेतलंस. मला वाटलं होतं तू चिडशील. तू म्हणालीस, "चूक कोणाचीही होते गं. तू लगेच सांगितलंस, हे मोठं आहे." आणि त्याच संध्याकाळी आयोजकांना पत्र लिहिलंस, की निबंधातला निष्कर्ष आम्ही मागे घेत आहोत. तुझी बढतीची फाइल तेव्हा विद्यापीठात होती. त्या निबंधाचा तुला उपयोग होणार होता. तरी लिहिलंस. पत्रावर फक्त स्वतःची सही केलीस.

"काल सापडली." हे दोन शब्द मी तुझ्याकडून कधी परत घेतले नाहीत. वेळ होता. दोन वर्षं होती.

तू मात्र थांबली नाहीस. म्हणालीस, आपण चिठ्ठ्या टाकत बसलो हेच चुकलं, कोण कोणाशी बोलतं ते आधी बघू. एक फॉर्म केलास. घरात किती माणसं, कोण कुठे कामाला, कोणाशी कसं बोलता, आणि शेवटचा प्रश्न, दिवसभरात सगळ्यात जास्त कोणाशी बोलता? सुट्टी आली की तू एसटीने वज्रेश्वरीकडे जायचीस, एकेक घर घ्यायचीस. इकडे नारपोलीत लूमवाल्यांच्या खोल्यांमधून फिरायचीस. मला तू ओढूनच नेलंस. एका खोलीत उत्तर प्रदेशातली एक सून होती. सासूशी तिच्या गावच्या बोलीत, नवऱ्याशी हिंदीत, भाजीवालीशी मराठीत, आणि पोराला दटावताना तिन्हींत. तू विचारलंस, "गडबड नहीं होती?" ती हसली. "गडबड कैसी, दीदी? सामने कौन है, देखके मुँह अपने आप बदलता है."

बाहेर आल्यावर तू मला रस्त्यातच थांबवलंस. मागून टेम्पो हॉर्न मारतोय आणि तू माझा दंड धरून म्हणतेस, "ऐकलंस? सामने कौन है! हे तुझ्या प्रोग्राममध्ये कुठे आहे? माझी काकू तलाठ्याला ‘नाही’ म्हणते आणि म्हशीला ‘न्हाय’. म्हशीला कुणी ‘नाही’ म्हणतं का?"

मी हरले होते आणि मला आनंद झाला होता. वादात हरून इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे होते. तेही राहिलं.

मी नवीन प्रोग्राम लिहिला. आता प्रत्येक माणूस समोर कोण आहे ते बघून शब्द निवडत होता. प्रत्येक ओळ तीनदा तपासली. चालवला, तर दोन्ही शब्द टिकले. दहा पिढ्या, वीस पिढ्या. ‘न्हाय’ची रेघ खाली गेली, पण तळाला टेकली नाही. घरात, शेतात, म्हातारीशी बोलताना ती राहिली. मी कागद घेऊन धावत मराठीच्या खोलीत आले. वाटलं होतं तू उडी मारशील. तू कागद उलटसुलट पाहिलास आणि तुझा चेहरा उतरला.

"नीता, हे तू माझ्यासाठी केलंस ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे आकडे थोडे इकडेतिकडे. मला बरं वाटावं म्हणून."

मी शपथ घेतली. तू म्हणालीस, "तू खोटं बोलत नाहीस मला माहीत आहे, म्हणूनच विचारते." जेव्हा लपवलं तेव्हा तू विश्वास ठेवलास, आणि सगळं खरं केलं तेव्हा संशय घेतलास. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी त्याऐवजी चिडले.

त्यानंतर महिनाभर आपण भांडत होतो. तुझं म्हणणं, समोरच्याला बघून बोलण्याचा जोर मी प्रोग्राममध्ये फार धरलाय, तो कमी करून बघावा. माझं म्हणणं, किती कमी? तुझं म्हणणं, ते घरं बघून ठरवू, अजून सात घरं राहिली आहेत. शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुझा आवाज बसला होता, जरा कणकण आहे म्हणालीस. मी म्हणाले, "तुला हवं ते उत्तर मिळालं तरी तू भांडतेस." तू म्हणालीस, "मला हवं ते नको गं. खरं हवं." मी फोन ठेवला. पाच दिवसांनी तुला ठाण्याच्या हॉस्पिटलात हलवलं, आणि मी पोहोचले तेव्हा काका बाहेरच्या बाकावर बसले होते, गुडघ्यांवर दोन्ही हात.

तुझ्या दिवसकार्यानंतर मी जोर कमी करून प्रोग्राम चालवला. तोच मी आजही चालवतेय. सांगते काय होतं ते. काही वेळा बोली टिकते. काही वेळा जाते. तेच आकडे, तीच माणसं, तरी एकदा असं, एकदा तसं. सुरुवातीच्या दोन-तीन पिढ्यांत गावातल्या थोड्याशा माणसांनी एकमेकांशी बोलणं चालू ठेवलं की नाही, एवढ्यावर ते ठरतं. तू असतीस तर यावर दिवसभर भांडली असतीस. हे उत्तर आहे की नाही, हेही मला कळत नाही. कुणाला विचारू?

गेल्या रविवारी मी तुझ्या गावी गेले. काका ओट्यावर होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मंगळवार, आलेख, तीन दिवस, "काल सापडली", सगळं. मी बोलले त्या भाषेत ते नीट पोहोचलं का, अशी शंका आली म्हणून पुन्हा एकदा साध्या शब्दांत सांगितलं.

"समजला मना पैल्यांदाच," काका म्हणाले. "माफी मांगतंस का?"

"हो."

"मना सांगून काय उपेग हाय? तिला सांगाचा व्हता."

त्यांनी माझी समजूत घातली नाही. मीही रडले नाही. ते आत गेले आणि तुझी निळी वही घेऊन आले. "यातली सात घरा रायलीत. ती रोज बोलाची, सात घरा रायलीत."

मी तिथूनच निघाले. वहीत राहिलेल्या घरांत पहिलं नाव भीमाबाईंचं होतं, पुढच्या गावातलं नदीकडचं घर. नावासमोर तू ‘पुन्हा जायचं’ लिहिलं होतंस. खोडून पुन्हा ‘पुन्हा जायचं’. असं चार वेळा. फॉर्म कोराच होता.

दार उघडंच होतं. भीमाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कॉलेजातून आले म्हटल्यावर लगेच सरकून जागा केली. "ये गो बाय, बस." घरात त्या एकट्याच. दोन्ही मुलगे गोदामात कामाला, सुना कल्याणला. मी फॉर्म काढला आणि तू विचारायचीस त्याच क्रमाने विचारत गेले. त्या सुपातले खडे काढता काढता उत्तरं देत होत्या. शेवटच्या प्रश्नाला आले.

"आजी, सगळ्यात जास्त कोणाशी बोलता?"

"आता कोनाशी बोलनार? पोरा सनावाराला येतान." त्यांनी सूप जरा हलवलं. "ती तुमची मास्तरीन येते ना रईवारी. तिच्याशी बोलते. कागूद घेऊन येते न् कागूद तसाच ऱ्हातो, आमी बोलतच बसताव. तिचाच नाव लिव."

मी रकान्यात तुझं नाव लिहिलं. सुलभा. अक्षर वाकडं आलं.

"आज का न्हाय आली ती?"

मला सांगावं लागलं. ताप, पाच दिवस, ठाणे. त्यांनी सूप खाली ठेवलं. पदराचं टोक हातात धरून बसल्या. नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. मग त्यांनी माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"मंग आता तितं कोनाचा नाव लिवशील?"

"तेच राहू दे, आजी."

"तेच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि उठून चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मी कागद घडी करून पिशवीत टाकला. अडीचची गाडी गेली, साडेतीनची गेली. त्या तुझ्याबद्दल सांगत होत्या, मी माझ्याकडचं सांगत होते, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत आम्ही दोघी बोलत बसलो होतो.

नीता